त्याला उत्तर द्यायला जरा वेळ द्या

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

गणपती जवळ आलेत म्हणून मुद्दाम लिहितेय. माझ्या भाच्याला ऑटिझम आहे, म्हणजे त्याच्या मेंदूची जडणघडण जन्मापासूनच जरा वेगळी आहे, नऊ वर्षांचा आहे तो, आणि या दिवसांत घरी येणारा प्रत्येक पाहुणा त्याच्या मागे लागतो, इकडे बघ, नाव सांग, आजोबांच्या पाया पड, आणि त्याने बघितलं नाही की "याला माणसं आवडत नाहीत वाटतं" असं त्याच्यासमोरच बोलून मोकळे होतात. अहो, ऐकू येतं त्याला सगळं!

माणसं आवडतात त्याला, खूप आवडतात. पण समोरच्याच्या डोळ्यात बघणं अशा बऱ्याच मुलांना त्रासाचं होतं, डोळ्यात बघू की बोलणं ऐकू अशी ओढाताण होते, म्हणून तो खाली बघून ऐकतो. (सगळी मुलं अशीच असतात असं नाही, काही तर अनोळखी माणसालाही जाऊन बिलगतात.) आणि प्रश्न डोक्यात पोचून उत्तर तयार व्हायला वेळ लागतो, आपल्याला तेवढा दम नसतो, आपण लगेच तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारतो, की त्याचं परत पहिल्यापासून सुरू.

तो दिवसभर लोकलच्या अनाउन्समेंट म्हणत असतो, ऐकलेलं असं परत परत म्हणण्याला इकोलेलिया म्हणतात. लोकांना ती उगाच बडबड वाटते. एकदा तो "पुढील स्टेशन कुर्ला" म्हणाला तर माझ्या मिस्टरांनी नुसतं "पुढील स्टेशन विद्याविहार" म्हटलं, त्यावर यानं घाटकोपर, विक्रोळी, कांजूरमार्ग, भांडुप, नाहूर करत थेट मुलुंड गाठलं आणि त्यांना खेटून बसला. गप्पाच की या!

डेमियन मिल्टन म्हणून इंग्लंडचे एक अभ्यासक आहेत, स्वतः ऑटिस्टिक, त्यांनी २०१२ मध्ये मांडलं की हे न समजणं दोन्ही बाजूंनी असतं, ऑटिस्टिक माणसांना आपण कळत नाही तशी आपल्यालाही ती कळत नाहीत. मग सगळी धडपड एकट्या मुलानेच का करायची? पाहुण्यांनी समोर उभं राहण्याऐवजी बाजूला बसावं, न विचारता गाल ओढू नयेत, त्याच्या आवडीचं काहीतरी बोलावं आणि थांबावं, एवढं तरी जमायला हरकत नाही.

२ एप्रिलला ऑटिझम दिन असतो तेव्हा पेपरात यावर लेख येतात, चांगलंच आहे ते, पण घरोघरी पाहुणे येतात ते गणपतीत, तर यंदा तुमच्या गणपती पुरवणीत यावर अर्धं पान द्याल का?

– एक मावशी, मुलुंड