आई, ऑपरेशनला मी येत नाहीये

प्रिय आई-बाबा,

फोनवर हे बोलायला गेले की मला रडू येतं, मग आई तू पण रडतेस आणि बाबा विषय बदलतात, म्हणून लिहूनच पाठवतेय. आई, तुझ्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला मी येत नाहीये. ठरवलंय मी तसं. दादा-वहिनी येतायत, वहिनीने रजासुद्धा टाकलीये आणि ती तुझं माझ्यापेक्षा नीट करेल हे तुलाही माहितीये.

तू म्हणालीस, आता त्याची केमो संपली ना, राहील की तुझा नवरा दोन-चार दिवस एकटा. मी रागावले नाही गं, सगळेच असं म्हणतात. पण ट्रीटमेंट चालू होती तेव्हा निदान एक टाइमटेबल होतं, पुढची सायकल कधी, रक्त कधी तपासायचं, नर्स ओळखीच्या झाल्या होत्या, कुणी ना कुणी विचारायचं. ते सगळं एकदम थांबलं आणि आता त्याला विचार करायला वेळच वेळ आहे. आतड्याच्या कॅन्सरनंतर 5 वर्षं लक्ष ठेवतात, सुरुवातीला दर तीन ते सहा महिन्यांनी सीईए म्हणजे कॅन्सर परत येतोय का ते बघायची रक्ततपासणी, ठरलेल्या वेळी सीटी स्कॅन, वर्षभराने कोलोनोस्कोपी, म्हणजे नळी घालून आतडं आतून बघतात ती. तारीख जवळ आली की त्याची झोप उडते. बोलत काहीच नाही, नुसता पाणी प्यायला म्हणून उठतो आणि मग बाहेरच बसून राहतो. आणि नेमकी तुझ्या ऑपरेशनच्याच आठवड्यात त्याची तपासणी आहे, रिपोर्ट हातात येताना मी शेजारी नसेन हे मला जमणार नाही आई.

हातापायाच्या मुंग्यांचं तुम्हाला मुद्दामच सांगितलं नव्हतं. ऑक्सॅलिप्लॅटिन नावाचं औषध होतं ना, त्याने नसांवर परिणाम होतो आणि केमो थांबल्यावरही दोन-तीन महिने ते वाढू शकतं, तसंच झालंय. शर्टाचं बटण बोटात धरलंय हे त्याला दिसतं पण हाताला जाणवत नाही, मग मान खाली घालून एकेक बटण काज्यात सरकवत बसतो, मी पुढे झाले की हात बाजूला घेतो. त्यामुळे मी आता तिथे उभीच राहत नाही, दुसऱ्या खोलीत काहीतरी करत बसते. तळपाय बधिर असतात, पायातली चप्पल निसटली तरी कळत नाही, म्हणून सगळी पायपुसणी उचलून ठेवलीत, रात्री दिवा चालू ठेवते आणि आंघोळीचं पाणी आधी मी बघते. बाबा, तुम्ही म्हणता त्याला पडू दे, आराम करू दे. पण हा थकवा झोपून जात नाही, डॉक्टरच म्हणतात रोज थोडं चालायचं, वाढवत न्यायचं. संध्याकाळी आम्ही चालायला जातो, तो दमला की थांबतो, परत चालतो. हळूहळू होईल सगळं, वेळ लागेल पण होईल. आत्याच्या वेळचं मनात आणू नका, खरंच नका आणू.

आई, मला कांजिण्या आल्या होत्या तेव्हा मी झोपेत खाजवू नये म्हणून तू रात्रभर माझे दोन्ही हात धरून झोपायचीस. तू डोळा चोळू नयेस म्हणून तुझे हात धरायला खरं तर मीच असायला हवं होतं. हे मला फार लागतंय, पण तरी नाही येत.

आता नीट ऐका. थेंब घालायच्या आधी हात साबणाने धुवायचे, बाटलीचं टोक डोळ्याला लावायचं नाही, दोन वेगळे थेंब असतील तर मध्ये पाच मिनिटं थांबायचं. बाबा, थेंबांच्या वेळा मोठ्या अक्षरात लिहून भिंतीवर लावा. झोपताना डोळ्यावरचं कव्हर लावायचंच, डोक्यावरून आंघोळ डॉक्टर म्हणतील तेव्हाच, आणि बादली उचललेली मला कळलं ना आई तर बघ. डोळा जास्त दुखला, लाल झाला किंवा एकदम कमी दिसायला लागलं तर उगाच कशाला त्रास द्यायचा म्हणून सकाळपर्यंत थांबायचं नाही, लगेच डॉक्टरांना फोन. तुमच्या बीपीच्या गोळ्या डॉक्टरांना न विचारता कुणीही बंद करायच्या नाहीत, दोघांनीही.

आणि ह्याच्याशी फोनवर बोलाल तेव्हा आता बरा आहेस ना, वजन वाढलं का, असं नका विचारू. बाबा तुम्ही क्रिकेटवर बोलता ना, तेच बोला, तुमचा फोन झाला की तो खूप वेळ बरा असतो.

दादाला सांगितलंय, ऑपरेशन होऊन आई बाहेर आली की पहिला फोन मला. दुसऱ्या डोळ्याची तारीख एवढ्यात घेऊ नका, घ्यायच्या आधी मला विचारा, तेव्हा मी येणार आहे.

तुमची,
शेंडेफळ