मास्तर, आमच्या गायकवृंदाकडून तुमचे आभार

आदरणीय मास्तर,

जय ख्रिस्त.

आमच्या गायकवृंदाच्या इतिहासाची पुस्तिका छापून आली. तिच्यात माझं नाव कुठंही घालू नका, असं तुम्ही बजावलं होतं, म्हणून घातलं नाही. पण आभार मानू नका असं काही तुम्ही म्हणाला नव्हतात, म्हणून हे पत्र.

आमच्या गायकवृंदाची गाण्यांची जुनी वही घेऊन तुमच्याकडे येण्याआधी आम्ही बरीच दारं वाजवली. एका ठिकाणी आमच्या हातातली वही उघडूनसुद्धा न बघता, "गावच्या कॉयरला कसला आलाय इतिहास?" असं ऐकवलं. दुसरीकडे "जुने कागद रद्दीत गेले" म्हणाले आणि बसाही म्हटलं नाही. ही माणसं शिकलेली होती आणि आपल्यातलीच होती, याचं फार वाईट वाटलं. दिवसभर वाडीत राबून रात्री कंदिलाच्या उजेडात लॅटिन पाठ करणाऱ्या माणसांबद्दल असं बोलवतं तरी कसं?

तुम्ही वही हातात घेतलीत आणि सगळ्यात आधी उठून पंखा बंद केलात. मे महिना, दुपारची वेळ, वसईतला तो चिकट उकाडा. आम्ही म्हणालो, "मास्तर, असू द्या." तुम्ही म्हणालात, "पानं झडतायत, वारा नको." मग एक जुनं पोस्टकार्ड पानाखाली सरकवून तुम्ही एकेक पान अलगद उलटत गेलात. शर्ट पाठीला चिकटला होता. घामाचा थेंब वहीवर पडू नये म्हणून तुम्ही मधूनमधून मान बाजूला करून रुमालानं कपाळ टिपत होतात. संध्याकाळ झाली तरी पंखा लावला नाहीत. मास्तर, त्या वहीला तोवर कुणी इतका मान दिला नव्हता. आमच्या घरातसुद्धा नाही.

वहीचा पहिला अर्धा भाग आम्हाला वाचताच येत नव्हता. अक्षरं देवनागरी, शब्द अनोळखी. तुम्ही पहिलीच ओळ गुणगुणलात आणि तो ग्लोरिया निघाला, मिस्सातलं म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेतलं स्तुतिगीत. लॅटिन मिस्साचे शब्द आमच्या आजोबांच्या पिढीनं कानानं ऐकून मराठी अक्षरांत उतरवले होते आणि वर बारीक शाईत दो-रे-मी, म्हणजे पाश्चात्त्य सरगम, मांडलं होतं. मध्ये एक कोरं पान होतं. त्यानंतर मराठी गीतं, आणि त्यांच्या डोक्यावर 'भैरवी', 'केरवा' अशी राग-तालांची नावं. त्या कोऱ्या पानावर बोट ठेवून तुम्ही म्हणालात, "इथं व्हॅटिकन परिषद झाली." ४ डिसेंबर १९६३ रोजी रोममधल्या त्या धर्मसभेचा उपासनेविषयीचा दस्तऐवज जाहीर झाला आणि मिस्सा लोकांच्या भाषेत यायची वाट मोकळी झाली. रोममधली ती घटना आमच्या गावातल्या वहीत एका कोऱ्या पानाच्या रूपानं पडून आहे, हे तुमच्याशिवाय कुणाच्या ध्यानात आलं असतं?

कॅथेड्रलचंही तसंच. आमचे पूर्वज वसईच्या किल्ल्यातल्या कॅथेड्रलमध्ये गात होते, असं गावात सांगतात. तुम्ही ती गोष्ट हसण्यावारी नेली नाहीत, डोळे झाकून मान्यही केली नाहीत. सेंट जोसेफ हे किल्ल्यातलं मुख्य चर्च, म्हणून लोक त्याला कॅथेड्रल म्हणत आले. पण कॅथेड्रल म्हणजे बिशपांचं चर्च, आणि वसईला तेव्हा स्वतःचा बिशप नव्हता, कारभार गोव्याच्या आर्चबिशपांकडे होता. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला जिंकला, चर्चच्या घंटा विजयाची खूण म्हणून देशावर गेल्या. नाशिकची नारोशंकराची घंटा त्यातलीच. घंटा गेल्या, गाणारे मात्र गावातच राहिले. पुढं आपण मुंबईच्या धर्मप्रांतात होतो. १९९८ मध्ये वसईचा धर्मप्रांत वेगळा झाला आणि पापडीचं अवर लेडी ऑफ ग्रेस हे आपलं कॅथेड्रल झालं. "म्हणजे तुमच्या वहीतली माणसं कॅथेड्रलच्या आधीची," असं तुम्ही म्हणालात, तेव्हा आमच्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या आल्टोच्या, म्हणजे खालचा स्त्रीस्वर गाणाऱ्यांच्या, डोळ्यांत पाणी आलं. त्यांचे वडील पायपेटी वाजवायचे.

चांगुलपणाविषयी प्रवचनं आपण पुष्कळ ऐकतो. पण समोरच्याच्या हातातली वस्तू त्याला मोलाची आहे, एवढ्यावरून ती आपणही जपायची, हे फार थोड्यांना जमतं. त्याला पैसा लागत नाही, पद लागत नाही. ज्यांच्याकडे पद होतं त्यांना ते जमलं नाही, हे आम्ही लिहिणारच. तुम्ही नको म्हणालात तरी.

वहीची नक्कल करून घेतली आहे. मूळ वही तुम्ही सांगितल्याप्रमाणे सुती कापडात गुंडाळून, नेप्थलीनच्या गोळ्या न घालता, कोरड्या कपाटात ठेवली आहे. पहिल्या भागातला ग्लोरिया मुलांनी बसवायला घेतला आहे. टेनर, म्हणजे वरचा पुरुषी आवाज, अजून कच्चा आहे आणि एका जागी दो-रे-मी पुसट झाल्यानं सगळे अडतात. सराव रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर असतो. तुम्हाला आणायला रिक्षा पाठवतो, या.

तुमचे,
गायकवृंदातले सगळे