दाढ उपटण्याआधी गालाची नस तपासा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत दातांच्या निगेवर लेख आला होता. लेख चांगला होता, तक्रार नाही. त्यात एक गोष्ट तेवढी राहून गेली: दाढदुखी वाटते ती कळ कधी गालाच्या नसेचीही असते, तिला डॉक्टर ट्रायजेमिनल न्यूरल्जिया म्हणतात. हे ठाऊक नसल्यापायी आमच्या घरच्या तीन धडधाकट दाढा गेल्या. म्हणून हे पत्र.

मी लाइनमन म्हणून निवृत्त झालो. उमर खांबावर गेली. तीन वर्षांपूर्वी कापसाचा दुसरा वेचा चालू असताना माझी पत्नी सकाळी चूळ भरता भरता मटकन खाली बसली. म्हणाली, "अहो, माह्या गालात करंट मारून राह्यला जी!" ती शब्दशः करंट म्हणाली, आणि मी, ज्याचं सारं आयुष्य करंटमध्ये गेलं, तिला म्हणालो, दाढ किडली असेल.

बाजाराच्या गावी दवाखान्यात नेलं. उजवीकडची खालची दाढ काढली. पंधरा दिवसांनी तिच्या शेजारची. उन्हाळ्याच्या तोंडावर तिसरी. तिसरी निघाली त्याच रात्री, जिथे आता दाढच नव्हती, तिथेच पुन्हा झटका बसला. दुखीच्या गोळ्या मुरमुऱ्यासारख्या खाल्ल्या, ढिम्म फरक नाही. ती भाकर वरणात कालवून डाव्या बाजूनं गिळायची. एसटीत खिडकीशी बसेना, कारण वारा गालावर आला की कळ उठे. बोलणंही बंद केलं. शेजारच्या बाया म्हणत, "काहून वं, रुसली का?"

शेवटी यवतमाळच्या मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात गेलो. तिथल्या तरुण डॉक्टर बाईंनी विचारलं, "मावशी, कुठं दुखते दाखवा." हिनं बोट नेलं, पण गालापासून दोन इंचांवर थांबवलं. हात काही लावला नाही. बाई लगेच म्हणाल्या, "बहुतेक दाताचं नाही हे." मग कापसाचा धागा ओठाच्या कोपऱ्याला नुसता टेकवला, तर ही खुर्चीतून उडाली. चेहरा बाकी सगळा शाबूत होता, टाचणी सगळीकडे नीट कळत होती.

मग त्यांनी केस पेपरच्या मागे चित्र काढून समजावलं. चेहऱ्याची जाणीव नेणारी नस पाचवी, तिचं नाव ट्रायजेमिनल. तिच्या तीन फांद्या: कपाळ-डोळ्याची, गालाची, जबड्याची. लोक जिला सरसकट 'चेहऱ्याची नस' म्हणतात ती सातवी. ती चेहरा हलवते, आणि ती बिघडली की तोंड वाकडं होतं. जिभेच्या पुढच्या दोन तृतीयांश भागाची चवही तीच नेते. आमच्याकडे दोन्हींना 'वारं गेलं' म्हणून मोकळे होतात.

पाचवी नस मेंदूच्या खोडात, म्हणजे मेंदू आणि मणक्यातल्या मज्जारज्जूला जोडणाऱ्या भागात, शिरते. तिथे तिची स्पर्शाची लाइन जवळच्याच केंद्रात थांबते. दुखण्याची आणि गरम-थंडाची लाइन मात्र खाली उतरते, थेट मानेच्या वरच्या मणक्यांपर्यंत. तिथून बाजू बदलून मग वर मेंदूकडे जाते. लाइन अशी उलटी कोणी ओढतं का? मी बाईंना तसं म्हणालोही. त्या हसल्या. म्हणाल्या, ओठ-नाकाभोवतीचं दुखणं या उतरत्या लाइनीत वरच्या टप्प्यावर थांबतं आणि कानाकडच्या कडेचं सर्वांत खाली, कांद्याच्या पाकळ्यांसारखं. मानेच्या नसाही त्याच खालच्या टप्प्याला येऊन मिळतात. मान आखडली की कपाळ आणि डोळा ठणकतो तो त्यामुळे.

तेव्हा मला आमच्या गावचे एक काका आठवले. लकव्याच्या झटक्यानंतर ते सांगायचे की आंघोळीचं गरम पाणी उजव्या गालाला चटका देते, डाव्याला नुसतं ओलं लागते, अन् पायाचं नेमकं उलटं, उजव्या पायाला गरमच कळत नाही. सारे हसायचे, मीही हसलो. बाई म्हणाल्या, खोडाच्या खालच्या भागात डाव्या बाजूला इजा झाली की असंच होतं. चेहऱ्याची लाइन तिथे अजून बाजू बदललेली नसते, अंगाची मात्र आधीच बदलून आलेली असते. काका खरंच बोलत होते. आता ते नाहीत.

हिच्या एमआरआयमध्ये दिसलं की नस खोडात शिरते तिथेच एक धमनी तिला खेटून आहे. धमनी ठोक्यागणिक घासते, नसेवरचं आवरण झिजतं आणि स्पर्शाच्या तारेतला करंट दुखण्याच्या तारेत उतरतो. हे मला शिकवावं लागलं नाही. सर्व्हिस वायर टिनाच्या कडेला घासून सारं छप्पर करंट मारतं, असे किती फोन मी घेतले! आम्ही मधे सायकलच्या ट्यूबचा तुकडा घालायचो. डॉक्टर कानामागून ऑपरेशन करून धमनी आणि नसेच्या मधे टेफ्लॉनची गादी घालतात. आमची मंडळी मात्र "डोक्याले हात नाही लावू देत" यावर ठाम आहे.

तिला कार्बामाझेपिनवर ठेवलंय. १०० मिलिग्रॅमपासून सुरू करून हळूहळू वाढवली. आठवड्यात ती भाकर चावून खाऊ लागली. सुरुवातीला गुंगी फार यायची, एकदा गोठ्यात तोल गेला. रक्ततपासणी ठरल्या वेळी करावी लागते. अंगावर पुरळ किंवा तोंडात फोड आले तर गोळी थांबवून तडक दवाखाना गाठायचा, हे बाईंनी दोनदा बजावलं. हे औषध नवं नाही, १९६२ पासून या दुखण्याला वापरतात, आणि आपल्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीतही आहे. तरी आमच्या जवळच्या सरकारी दवाखान्यात ते असलं तर असलं. नसलं की एसटीचं भाडं काढून शहरात जावं लागते.

माझं म्हणणं एवढंच, की दाढ उपटण्याआधी दंतवैद्यांनी विचारावं: कळ काही सेकंदांची आहे का, विजेसारखी आहे का, वाऱ्यानं किंवा हात लावल्यानं उठते का? विचारायला एक मिनिट लागतो. लंडनच्या फॉदरगिल नावाच्या डॉक्टरनं या आजाराचं वर्णन १७७३ सालीच करून ठेवलंय म्हणतात. आशाताईंच्या प्रशिक्षणातही हे दोन ओळींत यावं, कारण आमच्याकडे बाई पहिल्यांदा त्यांनाच सांगते.

आपल्या पुरवणीत या दुखण्यावर एखाद्या मेंदूविकार तज्ज्ञाकडून लिहवून घ्यावं ही विनंती. सोबत चेहऱ्याचं चित्रही छापा. आमच्या डॉक्टर बाईंचं केस पेपरवरचं चित्र मी जपून ठेवलंय, पण त्यावर हिनं आता किराण्याचा हिशोब लिहिलाय.

आपला नम्र वाचक,
एक सेवानिवृत्त लाइनमन,
जि. यवतमाळ