अन्याला पत्र: कुंदुझचं हॉस्पिटल आणि युद्धाचे नियम

प्रिय अन्या,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. एमएसएफला, युद्धात सापडलेल्यांवर उपचार करणाऱ्या त्या डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेला, अर्ज करतोयस म्हणजे तू गंमत करत नव्हतास तर! काकूंनी घर डोक्यावर घेतलं असणार. आणि वर मलाच विचारतोस की तुम्ही वकील लोक जिनिव्हा करार जिनिव्हा करार करता, त्या युद्धाच्या नियमांचा प्रत्यक्षात काही उपयोग होतो का की सगळं कागदावरच. फोनवर आपलं भांडण होईल म्हणून लिहितोय.

कुंदुझचं नाव तू ऐकलं असशीलच. उत्तर अफगाणिस्तान, ३ ऑक्टोबर २०१५. तालिबानने शहर नुकतंच घेतलेलं, रस्त्यावर लढाई चालू, आणि एमएसएफच्या ट्रॉमा सेंटरने त्या आठवड्यात ९२ खाटांच्या १४० केलेल्या. पेशंटमधे साधी माणसं, सरकारी सैनिक, तालिबानी सगळेच, कारण बंदूक गेटबाहेर ठेवायची आणि आत आलास की तू पेशंट, बाकी चौकशी नाही. २९ सप्टेंबरला हॉस्पिटलचे जीपीएस कोऑर्डिनेट्स अमेरिकन आणि अफगाण लष्कराला पुन्हा कळवलेले, रात्री लाइट चालू, छतावर संस्थेचे झेंडे. आता याहून जास्त काय करायचं सांग.

रात्री दोन वाजून गेल्यावर अमेरिकेचं एसी-१३० गनशिप विमान आलं आणि आयसीयू, इमर्जन्सी, ओटी ज्या मेन बिल्डिंगमधे होतं बरोब्बर तिच्यावरच मारा सुरू झाला. आयसीयूतले पेशंट बेडवरच जळाले. वाचलेल्या स्टाफने आपल्याच एका जखमी डॉक्टरला ऑफिसच्या टेबलावर घेऊन ऑपरेट केलं, तो गेला. काबूलहून एमएसएफवाले नाटोच्या मिशनला फोन करतायत, एसएमएस करतायत की थांबवा हे, आणि २ वाजून ५९ मिनिटांनी उत्तर काय आलं तर प्रयत्न करतो, तुम्हा सर्वांसाठी प्रार्थना करतोय. अमेरिकन लष्कर म्हणतं मारा २९ मिनिटं चालला, एमएसएफ म्हणते तास तरी. ४२ माणसं गेली, त्यातली १४ स्टाफची.

बरं, झालं कसं? अमेरिकन लष्कराच्याच चौकशीत आलंय ते वाच कधीतरी, डोकं फिरतं. विमान घाईत उडालं, नेहमीचं ब्रीफिंग नाही, नो-स्ट्राइक लिस्ट (जिथं मारा करायचा नाही अशा जागांची यादी) सोबत नाही, डेटा लिंक बंद. आपल्यावर मिसाइल आलं असं वाटून विमान लांब सरकलं, तिथून टार्गेटचे कोऑर्डिनेट्स टाकले तर कॅमेऱ्यात मोकळं मैदान. मग वर्णनाशी जुळणारी बिल्डिंग शोधली आणि ती निघाली हॉस्पिटल. खरं टार्गेट, तालिबानच्या ताब्यात गेलेली अफगाण गुप्तचर खात्याची बिल्डिंग, काहीशे मीटरवर. नंतर सिस्टिम बरोबर जागा दाखवायला लागली तरी क्रू वर्णनालाच चिकटून. आणि सगळ्यात वाईट म्हणजे गोळीबाराच्या साधारण मिनिटभर आधी त्यांनी बगराम तळावरच्या आपल्या हेडक्वार्टरला हॉस्पिटलचेच कोऑर्डिनेट्स कळवले, लिस्ट तिथं होती, कुणी ताडून बघितलं नाही.

आता कायदा. १९४९ च्या जिनिव्हा करारांत हॉस्पिटलचं संरक्षण स्पष्ट आहे. तिथून शत्रूला अपाय करणारं काही चालू असेल तरच ते जातं, आणि तेव्हाही आधी वॉर्निंग देऊन वेळ द्यावा लागतो. जखमी सैनिक आत आहेत हे कारण चालत नाही, ते करारातच लिहिलंय. सुरुवातीला काही अफगाण अधिकारी म्हणत होते की तालिबान आतून गोळीबार करत होते. घटकाभर खरं धर, मग वॉर्निंग कुठंय?

पण मेख पुढे आहे. अमेरिकेने १६ जणांवर कारवाई केली, म्हणजे ठपक्याची पत्रं, कमांडवरून दूर करणं वगैरे, क्रिमिनल केस एकही नाही. का, तर जाणूनबुजून केलं नाही म्हणून वॉर क्राइम नाही. ओबामांनी माफी मागितली, मेलेल्यांच्या घरच्यांना ६ हजार डॉलर, जखमींना ३ हजार. अरे पण एवढा टोकाचा बेफिकीरपणा आणि जाणूनबुजून यात अंतर किती ठेवायचं? माझं मत विचारशील तर यादी हाताशी असताना न बघणं ही चूक या शब्दात मावत नाही, आणि हे ठरवायला ज्यांनी मारलं तेच बसले, हे तर अजिबातच पटत नाही. अशा चौकशीसाठी जिनिव्हा करारांना १९७७ ला जोडलेल्या पहिल्या प्रोटोकॉलखाली (पुरवणी कराराखाली) एक आंतरराष्ट्रीय कमिशन आहे, एमएसएफने त्याचं दार ठोठावलं, पण त्याला संबंधित देशांची संमती लागते आणि ती आलीच नाही. म्हणजे आरोपीने हो म्हटलं तर चौकशी! आपणही फार नाक वर करायला नको, भारतानेही तो प्रोटोकॉल मान्य केलेला नाही आणि आयसीसीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय गुन्हे न्यायालयातही, आपण नाही.

तरी मी निव्वळ कागद म्हणणार नाही. माफी, पैसे, अहवाल हे जे काय झालं ते नियम होता म्हणूनच, नाहीतर दुसऱ्या दिवशी प्रेस नोट काढून मोकळे झाले असते. मे २०१६ मधे सुरक्षा परिषदेने हॉस्पिटलांवरच्या हल्ल्यांविरुद्ध २२८६ नंबरचा ठराव केला. त्याने सीरियात, युक्रेनमधे, गाझात हॉस्पिटलं वाचली असं म्हणायची माझी हिंमत नाही. पण कुंदुझमधे ऑगस्ट २०२१ ला एमएसएफने नवीन ट्रॉमा सेंटर सुरू केलं, हेही आहेच.

तर इंटरव्ह्यूला गेलास की सरळ विचार: कोऑर्डिनेट्स कोणाकोणाला कळवता, पोच मिळते का, मारा सुरू झाला तर कोणाला फोन लावायचा आणि तो माणूस खरंच काही थांबवू शकतो का. पगाराचं नंतर. आणि काकूंसमोर डॉ. कोटणीसांचं नाव काढू नकोस प्लीज, आपल्या सोलापूरचा माणूस चीनला गेला आणि १९४२ ला तिकडेच वारला, त्या लगेच तेच ऐकवतील. त्यांच्याशी मी बोलू का? दिवाळीत येतोयच, तोवर फॉर्म भरून टाक.

तुझा,
सुहास