जनरल भोसले यांची दिल्लीतली कारकीर्दही लिहा

मा. संपादक,
स. न.

मुंबईत मंत्रालयाजवळच्या ज्या रस्त्यावर यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठानची इमारत उभी आहे, त्याचे नाव जनरल जगन्नाथ भोसले मार्ग. या नावाविषयी मराठीत जे लिहिले जाते ते ‘नेताजींचे सहकारी’ एवढ्यावर थांबते, आणि त्या एका ओळीतही चुका शिरतात.

जन्मगाव तिरोडे हे सावंतवाडी संस्थानातले. सिंधुदुर्ग जिल्हा झाला 1981 मध्ये. त्यामुळे जुने कागद शोधणाऱ्याने संस्थान आणि रत्नागिरी जिल्हा या दोन्ही ठिकाणी पाहावे. इंग्रजी कागदांत नाव ‘जे. के. भोंसले’ असे येते. केवळ ‘जगन्नाथराव भोसले’ म्हणून शोधणाऱ्याच्या हातून निम्मे कागद निसटतात.

हुद्द्याचा घोळ तर नेहमीचा. डेहराडून आणि सँडहर्स्ट येथे शिकून ते ब्रिटिश हिंदी सैन्यात अधिकारी झाले. 21 ऑक्टोबर 1943 रोजी सिंगापूरला आझाद हिंद सरकार जाहीर झाले, तेव्हा सैन्याच्या प्रतिनिधींच्या यादीत त्यांचे नाव लेफ्टनंट कर्नल म्हणूनच आहे. मेजर जनरल हा हुद्दा त्यानंतरचा, आझाद हिंद सेनेतला. स्वतंत्र भारताच्या सैन्यात ते कधीच नव्हते, कारण या सेनेतल्या अधिकाऱ्यांना परत घेतले गेले नाही.

त्यांचे मोठे काम नेताजी येण्याआधीचे आहे. जपान्यांशी बिनसल्यामुळे डिसेंबर 1942 मध्ये कॅप्टन मोहनसिंगांची पहिली आझाद हिंद सेना विसर्जित झाली, मोहनसिंग अटकेत गेले. पुन्हा एकाच सेनापतीच्या मर्जीवर सगळे अवलंबून राहू नये म्हणून सेना रासबिहारी बोस यांच्या इंडियन इंडिपेन्डन्स लीग या पूर्व आशियातील भारतीयांच्या संघटनेच्या अखत्यारीत आणली गेली आणि वर एक लष्करी विभाग नेमला. त्याचे संचालक भोसले. शाहनवाज खान आणि सहगल त्यांच्या हाताखाली होते. जुलै 1943 मध्ये नेताजींच्या हाती उभी सेना आली, ती या मधल्या महिन्यांत टिकली म्हणून. आमच्या मते हे श्रेय त्यांना पुरेसे मिळालेले नाही.

युद्धानंतर आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवर लाल किल्ल्यात चाललेल्या गाजलेल्या पहिल्या खटल्यात ते आरोपी नव्हते. सहगल, धिल्लन, शाहनवाज ही नावे घरोघरी पोचली, यांचे मागे राहिले, त्याचे एक कारण हेच असावे.

1952 मध्ये ते काँग्रेसतर्फे रत्नागिरी जिल्ह्यातून लोकसभेवर गेले आणि पुनर्वसन खात्याचे उपमंत्री झाले. खाते अवघड. फाळणीत आलेल्यांचे दावे, भरपाई, घरे आणि छावण्यांत वाढणारी मुले. या मुलांसाठी त्यांनी 1954 मध्ये दिल्लीच्या कस्तुरबा निकेतनमधून राष्ट्रीय शिस्त योजना सुरू केली. कवायत, व्यायाम, समूहगान आणि नागरिकत्वाचे धडे, हे सारे बंदुकीविना. एन.सी.सी.शी तिची गल्लत करू नये.

योजना पुढे इतर शाळांत पसरली, पण रचनेत एक गाठ राहिली. शिक्षक केंद्राच्या पगारावर आणि शाळा राज्यांच्या, कारण शिक्षण तेव्हा राज्यांचा विषय होता. शिवाय त्याच शाळेत व्यायामशिक्षक आणि ए.सी.सी. (ऑक्झिलरी कॅडेट कोअर, शाळकरी मुलांचे कवायत दल) हेही होते. एकाच मैदानावर तीन योजना चालणार कशा? म्हणून या योजनांचा मेळ घालण्यासाठी नेमलेल्या कुंझरू समितीने एकत्रित कार्यक्रम सुचवला आणि 1965 मध्ये राष्ट्रीय स्वास्थ्य दल या नावाखाली योजना विरून गेली. भोसले 1963 मध्येच वारले होते.

शक्य असेल तर महापालिकेने त्या रस्त्यावर चार ओळींचा फलक लावावा: तिरोडे, सावंतवाडी संस्थान, आझाद हिंद सेनेचे मेजर जनरल, पहिल्या लोकसभेचे सदस्य आणि पुनर्वसन उपमंत्री, राष्ट्रीय शिस्त योजनेचे प्रवर्तक. आपल्या वृत्तपत्राने याचा पाठपुरावा करावा, ही विनंती.

आपले,
सावंतवाडीतील काही वाचक