फोटोखाली शटर स्पीडही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या महिन्यात आपल्या पेपरच्या पहिल्या पानावर एका चिमणीचा फोटो होता. डबक्यात अंघोळ करतेय, पंख अर्धवट उघडलेत आणि अंगाभोवती पाण्याचे थेंब मण्यांसारखे सुटे सुटे हवेत थांबलेत. खाली उकाड्याबद्दल एक ओळ आणि कोपऱ्यात अगदी बारीक अक्षरात फोटोग्राफरचं नाव. मी तो फोटो कापून कपाटाच्या दाराला आतून लावलाय, आणि रोज कपाट उघडलं की एकच प्रश्न पडतो, शटर स्पीड, म्हणजे फोटो काढताना उजेड आत यायचा वेळ, किती ठेवला असेल?

या प्रश्नासाठीच हे पत्र लिहितेय. माझी विनंती एवढीच आहे की आठवड्यातून निदान एका फोटोखाली, रविवारच्या पुरवणीत छापलंत तरी चालेल, तो फोटो कसा काढला ते द्या. शटर स्पीड, अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक किती मोठं ते, आयएसओ, म्हणजे कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ठेवला ते, लेन्स किती मिलिमीटरची, आणि जमलं तर फोटोग्राफर कुठे उभा होता, किती वेळ थांबला होता एवढं. दोन ओळींचं काम आहे. पण माझ्यासारख्या नवशिक्यांना त्या दोन ओळींतून काय मिळेल ते सांगायचं तर थोडं लांबून सुरुवात करावी लागेल.

भाच्याने सात-आठ महिन्यांपूर्वी नवीन कॅमेरा घेतला आणि जुना मला दिला, सोबत त्याची साधी १८-५५ मिलिमीटरची लेन्स. तोवर मी मोबाईलवर सगळे काढतात तसे फोटो काढायचे, वाढदिवस, सहल वगैरे. कॅमेरा हातात आल्यावर पहिले दोन महिने तो ऑटोवरच होता, म्हणजे सगळं कॅमेराच ठरवायचा, आणि फोटो बरे यायचे, पण का बरे आले ते कळायचं नाही आणि बिघडले तर का बिघडले तेही नाही. मग एक दिवस आई खिडकीपाशी बसून सुईत दोरा ओवत होती. चष्मा नाकावर खाली आलेला, दोऱ्याचं टोक ओठात ओलं करून परत सुईकडे, आणि खिडकीतून येणारा उजेड फक्त तिच्या बोटांवर आणि अर्ध्या गालावर. मी पटकन कॅमेरा उचलला आणि बटण दाबलं, तर कॅमेऱ्याने आपणहून फ्लॅश उघडला. फोटोत आई होती, सुई होती, मागची भिंतसुद्धा लख्ख दिसत होती, फक्त तो उजेड नव्हता. मला खरंच रडू आलं, कारण जे बघून मी कॅमेरा उचलला होता तेवढंच नेमकं गेलं होतं.

त्या दिवशी मी ऑटो सोडलं. फ्लॅश बंद केला, आईला म्हटलं अजून एकदा ओव, ती म्हणाली अगं ओवून झालं, तरी तिने परत केलं. आधी १/३० सेकंदावर काढला तर सगळाच हलला. भाचा फोनवर म्हणाला, मावशी, लेन्स ५५ मिलिमीटरला असेल तर हातात धरून निदान १/८० तरी ठेव, खालचा आकडा निदान लेन्सच्या मिलिमीटरएवढा हवा, आणि आपल्या कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारा भाग, छोटा म्हणून ५५ चे साधारण ८२ धरायचे. लेन्समध्ये हात स्थिर ठेवायची सोय आहे ना मग, असं मी विचारलं, तर तो म्हणाला ती तुझा हात सावरते, आजीचा नाही. हे वाक्य माझ्या डोक्यात पक्कं बसलं. शेवटी १/१२५, एफ/५.६ आणि आयएसओ ३२०० वर तो फोटो आला, जरा दाणेदार आहे, पण सुईचं भोक दिसतं आणि बोटांवरचा उजेडही दिसतो. फोकस पहिल्या तीन वेळा चष्म्यावर गेला होता, मग फोकसचा चौकोन हाताने हलवून सुईवर आणला. आईला तो फोटो आवडला नाही, केस नीट नव्हते म्हणते.

तेव्हापासून मी जे काही बघते ते आकड्यांतही बघायला लागले. अ‍ॅपर्चरचे आकडे सुरुवातीला उलटे वाटायचे, आकडा लहान तर भोक मोठं हे काय गणित? मग कळलं की ते भागाकाराचे आहेत. लेन्सची फोकल लेंग्थ, म्हणजे तिच्यावर लिहिलेले मिलिमीटर, ५० असेल तर एफ/२ म्हणजे ५० भागिले २, २५ मिलिमीटरचं भोक, आणि एफ/४ म्हणजे साडेबारा. अर्धा हा पावापेक्षा मोठा असतो, तितकंच सोपं. आणि २, २.८, ४, ५.६, ८ असे विचित्र टप्पे का तर प्रत्येक पायरीला उजेड बरोबर निम्मा होतो, भोकाचा व्यास साधारण १.४ पटीने कमी झाला की क्षेत्रफळ निम्मं होतं म्हणून. शाळेत वर्गमूळ शिकले तेव्हा ते कधी उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं. शटरही तसंच, १/६०, १/१२५, १/२५०, दर पायरीला निम्मं. आयएसओ मात्र उलट, १००, २००, ४००, दर पायरीला दुप्पट. एकीकडून एक पायरी काढली की दुसरीकडे एक पायरी घालायची, आणि काय घालवायचं काय ठेवायचं ते आपण ठरवायचं. मला वाटतं फोटो काढणं म्हणजे अर्ध्याहून जास्त हे ठरवणंच आहे.

आता परत चिमणीकडे येते. आकडे छापलेले नव्हते म्हणून मी स्वतःच शोधायला बसले. पुतणीला बोलावलं, बादलीत हात बुडवून झटकायला सांगितलं, आणि सकाळी ऊन यायच्या आधी अंगणात बसून फोटो काढत राहिले. आयएसओ ४०० आणि १/६० ला थेंब दिसेचनात, नुसत्या पांढऱ्या रेघा. १/२५० ला थेंब आले पण शेपट्या घेऊन आले. १/१००० ला पहिल्यांदा गोल दिसले, पण तोवर चार पायऱ्या उजेड गेला होता म्हणजे सोळावा भाग उरला, आणि तो भरून काढायला आयएसओ ६४०० वर न्यावा लागला. मग कागदावर हिशोब मांडला. थेंब सेकंदाला दोन मीटर वेगाने उडाला असं धरलं तर १/६० सेकंदात तो तीन सेंटिमीटरहून जास्त सरकतो, आणि १/२००० मध्ये फक्त एक मिलिमीटर. तरी माझे थेंब चिमणीच्या थेंबांसारखे चमकत नव्हते, कारण माझ्याकडे त्या वेळी ऊनच नव्हतं. पुतणी तासभर हात झटकून कंटाळली, पण शेवटी तीही स्क्रीनवर वाकून थेंब मोजत होती.

शटरची गोष्ट निघाली म्हणून एक सांगावंसं वाटतं. फोटोग्राफीच्या सुरुवातीच्या काळातल्या लुई दागेर या फ्रेंच माणसाने १८३८ साली पॅरिसमधल्या एका वर्दळीच्या रस्त्याचा फोटो काढला, बुलेव्हार द्यु ताँपल. एक्स्पोजर, म्हणजे उजेड आत घ्यायचा वेळ, कित्येक मिनिटांचं, त्यामुळे रस्त्यावरच्या गाड्या, घोडे, चालणारी माणसं यातलं काहीच उमटलं नाही, भर दिवसा रस्ता रिकामा दिसतो. उमटला तो एकच जण, बूट पॉलिश करून घ्यायला एका जागी उभा असलेला, आणि त्याच्या पायाशी पॉलिश करणारा, तोही पुसटसा. फोटोत माणूस दिसण्याच्या सगळ्यात जुन्या उदाहरणांतलं हे एक. हे वाचलं त्या रात्री मला बराच वेळ झोप नव्हती. १/६० ला माझ्या पुतणीच्या हातातून उडालेले थेंब गायब झाले ते याच कारणाने, फक्त तिथे मिनिटं होती आणि इथे सेकंदाचा साठावा भाग. फोटोखाली वेळ लिहिलेली असली की फोटोतून काय गेलं असेल तेही वाचता येतं.

भाच्याला मी या पत्राबद्दल सांगितलं तर तो म्हणाला आकडे बघून काय होणार, दुसऱ्याचे आकडे आपल्या उजेडाला लागू पडत नाहीत, नजर पाहिजे. त्याचं म्हणणं निम्मं मला मान्य आहे. तेच आकडे लावून तोच फोटो मिळत नाही हे मी बादलीपाशी बघितलंच. पण नजर तरी कशी तयार होते? फोटो बघायचा, आकडा बघायचा आणि त्या माणसाने असं का ठरवलं असेल ते स्वतःला विचारायचं. गाणं शिकणारे चांगलं गाणं ऐकतात तेव्हा नुसतं ऐकत नाहीत, कुठला स्वर लागला ते ओळखत बसतात. आम्हाला तो स्वर सांगणारं कोणी नाही. इंटरनेटवर व्हिडिओ ढिगाने आहेत, पण त्यात बहुतेक वेळा कॅमेरा कुठला घ्यावा यावरच अर्धा वेळ जातो. पेपरातल्या फोटोग्राफरला तर उजेड निवडता येत नाही, जागा निवडता येत नाही, समोर जे चाललंय ते एकदाच होणार असतं. अशा माणसाने घाईत काय ठरवलं हे कळणं म्हणजे खरं शिक्षण आहे.

याला खर्च काही नाही आणि फोटोग्राफरला आठवूनही सांगावं लागणार नाही. डिजिटल कॅमेरा प्रत्येक फोटोच्या फाईलमध्ये शटर, अ‍ॅपर्चर, आयएसओ, फोकल लेंग्थ, तारीख, वेळ सगळं आपोआप लिहून ठेवतो. माहिती तुमच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर आत्ता आहे, फक्त छापली जात नाही. अपघाताच्या, दुःखाच्या फोटोंखाली हे आकडे नकोत, तिथे ते वाईट दिसतील, मला तेवढं कळतं. पण पाऊस, पक्षी, खेळ, शाळेत पहिल्या दिवशी रडणारी मुलं, असे कितीतरी फोटो रोज येतात.

आणि हे करताना नावही जरा मोठं छापा. बातमी लिहिणाऱ्याचं नाव मथळ्याखाली ठळक आणि फोटो काढणाऱ्याचं भिंग लावून वाचावं लागतं, किंवा नुसतंच संग्रहित छायाचित्र. संग्रहात ते कोणीतरी काढूनच ठेवलं ना? होमाई व्यारावाला आपल्या देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार, त्यांचे सुरुवातीचे फोटो नवऱ्याच्या नावाने छापले जायचे. पुढे २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं, तोवर त्यांनी नव्वदी ओलांडली होती. ज्याने डोळा लावून वाट बघितली त्याचं नाव वाचकाला सहज दिसावं, यात मला काही जास्त मागितल्यासारखं वाटत नाही.

शेवटी चिमणीबद्दल माझा अंदाज लिहिते. तिची सावली डबक्याच्या कडेला कापून ठेवल्यासारखी स्पष्ट आहे आणि प्रत्येक थेंबात एकेक पांढरा ठिपका चमकतोय, म्हणजे ऊन कडक होतं. कडक उन्हात आयएसओ १०० ला एफ/१६ आणि १/१२५ हा जुना ठोकताळा आहे, त्यावरून मोजत आले तर आयएसओ २००, एफ/५.६ आणि १/२००० येतं. मागचं सगळं विरघळलंय, तेव्हा लेन्स ३०० मिलिमीटरची तरी असावी. आणि चिमणीचा डोळा आणि कॅमेरा एकाच उंचीवर आहेत, म्हणजे तुमचा फोटोग्राफर त्या उन्हात जमिनीवर पोटावर झोपला होता. कृपया त्यांना विचारून बरोबर की चूक तेवढं छापाल का? मी कापून त्या फोटोखाली चिकटवेन.

आपली,
एक नियमित वाचक