परदेशी पोरं सोलापुरात शिकली तर ऑर्डरी पण येतील

संपादक साहेब, नमस्कार.

परदेशी विद्यार्थ्यांना आपलं सरकार स्कॉलरशिप देतं म्हटलं की "आपल्या पोरांना द्यायचं सोडून बाहेरच्यांना कशाला" असं बरेच जण म्हणतात, त्याबद्दल लिहायचं होतं. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या एक्सपोर्टचं काम बघतो, मला हा पैसा वाया गेलेला अजिबात वाटत नाही.

बाहेरच्या पार्टीला मुख्य भीती असते ती सॅम्पल एक आणि माल दुसरा येण्याची. ४५० जीएसएम (टॉवेलचं दर चौरस मीटरला ग्रॅममधलं वजन) ठरलं आणि कंटेनर उघडल्यावर ४०० चं निघालं तर तो तिकडे बसून करणार काय? म्हणून तो ॲडव्हान्स द्यायला कचरतो, आपला कारखानदार उधारीवर माल सोडायला कचरतो, आणि रेट जमून पण ऑर्डर अडकते. आमचं आफ्रिकेतलं एक गिऱ्हाईक पुण्यात कॉलेजला होतं. दिवाळीत कामगार गावाला जातात, डिस्पॅच लांबतं हे त्याला माहितीये, त्यामुळे तो ऑर्डरच आधी टाकतो, आणि काही खटकलं तर ईमेल-बिमेल न करता सरळ फोन लावतो. त्याच्या शब्दावर तिकडच्या अजून पार्ट्या आल्या. एक्झिबिशनला स्टॉल लावून नुसती व्हिजिटिंग कार्डं जमतात हो.

परदेशी विद्यार्थ्यांना स्कॉलरशिप देणारी जर्मनीची डाड ही संस्था १९२५ पासून हे काम करतेय. तिथे इंजिनिअरिंग शिकलेल्या माणसाचा हात तिथल्या मशीनवर बसलेला असतो, मग मायदेशी परतून कारखाना काढताना तो पहिलं कोटेशन कुठून मागवेल? आपल्याकडे पण परदेशी पोरांना स्कॉलरशिप देणारी आयसीसीआर ही सरकारी संस्था १९५० पासून आहे, परदेशी लोकांना ट्रेनिंग देणारी आयटेक ही सरकारी योजना १९६४ पासून, २०१८ ला परदेशी विद्यार्थ्यांना इथे बोलवायला स्टडी इन इंडिया सुरू झालं, पण यातली पोरं सोलापूरला कुठं दिसतात?

आपली पोरं बाहेर गेली तरी फायदाच आहे, नेदरलँडला शेतीचं शिकून आलेल्या पोराला युरोपात डाळिंबावर औषधाचा अंश किती चालतो, पॅकिंग कसं लागतं हे नीट कळतं, आणि तिथं फोन उचलणारं कुणीतरी ओळखीचं असतं.

तर माझं म्हणणं एवढंच आहे की आपल्या विद्यापीठाने टेक्स्टाईलचा सहा महिन्यांचा कोर्स काढून आफ्रिका, आखाताकडची पोरं बोलवावीत, होस्टेलचं कारखानदारांच्या संघटनांनी बघावं, केगावच्या डाळिंब संशोधन केंद्रात पण काही जणांना घेता येईल. पोरांना शेडमध्ये उभं करून लूम, डाईंग, पॅकिंग दाखवायची आमच्या लाईनमधल्या बऱ्याच जणांची तयारी आहे, पुढच्या ॲडमिशनच्या आधी विद्यापीठाने एक मीटिंग लावावी.

– एक वाचक, अशोक चौक, सोलापूर